दहावा छर्रा

"...मग दहाच्या दहा एकाच भोकात जायला आणखी काय करायचं, वस्ताद?"

रणधीर इंगवलेचा हा प्रश्न विचारल्यासारखा नव्हता. जाब मागितल्यासारखा होता.

इलाही वस्ताद विळीला धार लावत होते. विळी आमच्या घरची, म्हणून हे सगळं मला ऐकायला मिळालं. घरी भाजी चिरायची खोळंबली होती, पण गोष्ट अशी निघाली की माझा पाय उठेना.

वस्तादांनी मान वर केली नाही.

"आता किती जात्यात?"

"दहात सात."

"आनि तीन?"

"ते सोडा. ते बंदुकीमुळं बाहेर जातात."

"बंदुकीमुळं," वस्ताद म्हणाले आणि विळीच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवला.

वस्ताद जातीचे शिकलगार. हत्यारांना धार लावणारं, पाणी देणारं घराणं. तरुणपणी ते निपाणीच्या पलीकडं जत्रांमधून छऱ्याच्या बंदुकीचा, फुगे फोडायचा स्टॉल लावत. पस्तीस वर्षांपूर्वी तो धंदा एकाएकी मोडून, बायकोला घेऊन ते आमच्या गावात आले आणि इथलेच झाले. पंचक्रोशीत कुणाची छऱ्याची बंदूक बिघडली की ती वस्तादांच्या ओसरीवर येते.

त्यांची एकच तऱ्हा होती. दुरुस्त केलेली बंदूक ते वाळूच्या पोत्यात झाडून बघत. नेम धरताना त्यांना गावात कुणी पाहिलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "गुरुजी, बंदूक माझ्याकडं. नेम ज्येचा त्येनं बघायचा."

मी पुढं विचारलं नाही. चौकस माणूस म्हणून माझी गावात ख्याती आहे, पण वस्तादांपुढं ती चालत नसे.

रणधीरची बायको गिरिजा पायरीवर बसली होती. लग्नाला चार महिने झाले होते. मांडीवर कागदाची पुडी होती आणि पुडीत बत्तासे.

त्या बत्ताशांसाठीच तर दोघं आले होते.

आमच्या माळावरच्या पिराचा उरूस चार दिवसांवर आला होता. दर्ग्यात चंदनाचा संदल चढला की दुपारी बत्तासा फोडायचा मान इंगवल्यांचा. बांबूच्या वीतभर कामटीला चीर पाडायची, तिच्यात बत्तासा अडकवायचा. नेम धरणाऱ्याच्याच घरचं माणूस ती कामटी कानाजवळ धरून उभं राहतं. बत्तासा फुटल्याचा आवाज त्या कानाला ऐकू आला, की वर्ष चांगलं जातं अशी समजूत. वीस पावलांवरून एकच छर्रा मारायचा. बत्ताशाचा चुरा गोळा करून प्रसाद म्हणून वाटायचा. नेम चुकला तर मान दुसऱ्या घराकडं जातो, आणि आमच्या गावात त्या मानाकडं डोळे लावून बसलेली घरं काही कमी नाहीत.

रणधीरच्या वडिलांनी बावीस वर्षं बत्तासा फोडला. बावीसही वर्षं त्याच्या आईनं तो धरला. वडील दिवाळीत गेले. यंदा रणधीरची पहिली वेळ होती आणि धरायचा मान गिरिजाचा.

वडिलांची बंदूक जुनी, मऊ, साधी. रणधीरला ती कमीपणाची वाटली. त्यानं नवी घेतली, दुर्बीण लावली, आत जास्त जोराची स्प्रिंग टाकून घेतली.

"आण हिकडं," वस्ताद म्हणाले.

रणधीरनं बंदूक दिली. वस्तादांनी ती डोळ्याला लावली नाही. नाकाला लावली.

"तेल किती घातलंस?"

"चांगलं आठ-दहा थेंब. आवाज ऐका एकदा, वस्ताद. माळ दणाणतो. नळीतून धूर निघतो धूर!"

"तेल जळतंय आत. बंदूक खोकती, आनि तुला वाटतंय वाघ डरकाळी फोडतोय."

गिरिजा हसली. रणधीरनं तिच्याकडं पाहिलं, तशी ती गप्प झाली.

वस्तादांनी दस्त्याचे दोन स्क्रू बोटांनी चाचपले. दोन्ही बोटांनीच फिरले. रणधीरचे कान लाल झाले. दीड-दोन हजार छर्रे झाडले होते म्हणे त्यानं त्या बंदुकीतून. स्क्रू एकदाही बघितला नव्हता.

मग बंदूक शिकंज्यात धरून वस्तादांनी आतली खीळ काढली आणि स्प्रिंग हळूहळू मोकळी सोडली. घाई केली तर ती स्प्रिंग समोरच्याचे दात पाडते. बाहेर आली तेव्हा हातभर लांब दिसत होती.

"किती लांबवर मारायचंय?"

"वीस पावलं."

"वीस पावलांवरच्या बत्ताशाला एवढा जोर लागतोय?"

"जोर असला तर छर्रा सरळ जातो."

"छऱ्याला ह्यातला चिमूटभर जातोय. बाकीचा तुझ्या खांद्याला, तुझ्या गालाला, त्या दुर्बिणीला. बंदूक आधी मागं येती, मग पुढं हिसका देती, आनि मग छर्रा भाईर पडतोय. एवढा दांडगा हिसका तुला आवरतोय का?"

रणधीरनं खांदा चोळला.

वस्तादांनी पत्र्याच्या डब्यातून दुसरी स्प्रिंग काढली. आखूड, जुनी, काळपट. नळकांडं आतून कोरडं पुसलं. चामड्याच्या वॉशरला बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लावलं आणि तेही अर्धं पुसून काढलं. पुन्हा सगळं बसवलं, दस्त्याचे स्क्रू आवळले. तासभर लागला असेल. विळी केव्हाच झाली होती. ती मांडीवर घेऊन मी तसाच बसून राहिलो.

मधे हमीदाचाची पाणी घेऊन आल्या. वस्तादांची बायको. त्यांचा उजवा डोळा कायमचा मिटलेला आहे. लहानपणी देवी आल्या होत्या, असं गाव म्हणतं, आणि चाचींनी कधी नाही म्हटलेलं नाही. गिरिजाच्या मांडीवरची पुडी पाहून त्या थबकल्या.

"बत्तासा तू धरणार, बेटा?"

"व्हय. आत्याबाईंनी दाखवलंय कसा धरायचा ते."

चाचींनी वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद स्क्रू आवळत होते.

"...पाणी पी," चाची म्हणाल्या आणि आत गेल्या.

रणधीरनं नळी बिजागरीवर खाली मोडून ताण भरून पाहिला. तो सहज भरला. त्याचं तोंड उतरलं.

"ही तर पोराटोरांची झाली, वस्ताद."

"मार."

आम्ही सगळे मागच्या पायरीवर आलो. परसात बांधापुढं फळी रोवली होती. वस्तादांनी तिच्यावर कोरा कागद ठोकला, मधोमध कोळशानं एक ठिपका काढला आणि वीस पावलं मोजून रेघ मारली. डब्यातून चपट्या तोंडाचे छर्रे काढले, एकेक अंगठ्यावर फिरवून पाहिला, वाकडे बाजूला टाकले आणि दहा मोजून रणधीरच्या हातावर ठेवले.

"डाव्या हातानं आवळू नगं. उघड्या तळव्यावर नुसती ठेव. तिला हिसका द्यायचाय तेवढा देऊ दे, फकस्त दर येळेला सारखा देऊ दे."

रणधीर मांडी ठोकून बसला. कोपर गुडघ्यावर, बंदूक तळव्यावर.

फट.

आवाज अगदीच किरकोळ होता. धूर नाही, काही नाही. रणधीरचा चेहरा कसनुसा झाला. दुसरा मारला. तिसरा.

चौथ्यानंतर त्यानं दुर्बिणीतून जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग त्याचा श्वास बदलला. माझं नेमबाजीचं ज्ञान यथातथाच, पण शाळेत चाळीस वर्षं पोरांची तोंडं वाचली आहेत. गणित सुटलेल्या पोराचं तोंड मला ओळखू येतं.

पाच, सहा, सात, आठ.

नववा मारून तो गालातल्या गालात हसला.

दहावा मारला आणि उठून पळतच फळीकडं गेला.

परत आला तो कागद नाचवत. सगळे एका जागी होते. रुपयाचं नाणं ठेवलं असतं तर सगळी भोकं झाकली गेली असती. आधी गिरिजाला दाखवला, मग मला, आणि शेवटी वस्तादांपुढं धरला.

"बघा! आता बोला!"

वस्तादांनी त्याच्या हातातून आधी बंदूक घेतली. नळी मोडून उघडी केली, आत छर्रा नाही हे पाहिलं आणि ती तशीच उघडी भिंतीला टेकवून ठेवली. मगच कागदाकडं पाहिलं.

"मोज."

रणधीरनं मोजले. भोकं एकमेकांत मिसळली होती, तरी कडा धरून मोजता येत होती.

"नऊ."

"मी किती दिलते?"

"...दहा."

"अंगठा काढ."

रणधीरनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. कागद ज्या जागी धरला होता तिथून त्यानं अंगठा हलवला. खाली एक भोक होतं. एकटं, गोल, स्वच्छ. नवांच्या उजवीकडं, चार बोटांवर.

खरं सांगतो, त्यानं ते मुद्दाम झाकलं होतं असं मला वाटत नाही. हात आपोआपच तिथं गेला होता. मला त्याची कीव आली.

"हा माझा नव्हे, वस्ताद. मान जरा हलली. एवढा मोजू नका."

"मान का हलली?"

"सहज."

"चाप वडल्यावर बी छर्रा जरा येळ नळीतच असतोय. तवर मानसानं बंदुकीपाशी ऱ्हायचं असतंय. नऊ येळा तू ऱ्हायलास. धाव्या येळेला छर्रा आत हुता, आनि तू मान काढून त्या नवांकडं बघाया गेलतास."

"पण दहात नऊ! एखादा जातोच की. अहो, मोठ्या मोठ्यांचा जातो."

"व्हय. जातोय."

"मग?"

वस्तादांनी चिंचेखाली माती उकरणाऱ्या कोंबड्यांना हुसकलं.

मग ते गिरिजाकडं वळले.

"लेकी, जरा हिकडं ये. बत्तासा कसा धरायचा ते दाव बघू."

गिरिजा उठली. पदर खोचून सरळ उभी राहिली. वस्तादांनी कामटी चिरून दिली. तिनं पुडीतला एक बत्तासा चिरेत बसवला आणि कामटी उजव्या कानाजवळ धरली. हनुवटी वर, हात स्थिर. सासूनं चांगलं शिकवलं होतं.

"भ्या वाटतंय का?"

"न्हाई." ती रणधीरकडं बघून म्हणाली, "ह्यांचा नेम चांगलाय."

तिच्या आवाजात एवढा भरवसा होता, की मला माझ्या मांडीवरच्या विळीकडं बघावंसं वाटलं.

वस्तादांनी रणधीरच्या हातातला कागद घेतला आणि तिच्या डाव्या हातात दिला.

"ह्यो म्होरं धर. नवांची जागा बत्ताशावर येऊ दे. हां... आता तोंडाला लाव जवळ. कागूद सरळ ठेव."

गिरिजानं कागद चेहऱ्यापुढं धरला. तिचं तोंड दिसेनासं झालं. जिथं नऊ छर्रे गेले होते तिथून बत्ताशाचा पांढरा तुकडा दिसत होता. नेम खरोखरच चांगला होता.

"म्होरं हो," वस्ताद रणधीरला म्हणाले. "आनखी म्होरं."

रणधीर तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. बत्ताशाकडं पाहून त्यानं मान डोलावली.

"तिकडं न्हाई. धाव्याकडं बघ."

त्यानं पाहिलं.

मी बाजूला होतो, मला ते भोक नीट दिसत नव्हतं. मला रणधीरचा चेहरा दिसत होता. तो आधी नुसता बघत होता, काहीतरी शोधत असल्यासारखा. मग त्याचं तोंड अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं.

कागदामागून गिरिजा म्हणाली, "अहो..."

त्याची नजर त्या भोकावरच होती.

"अहो, मला तुम्ही दिसताय."

तिच्या आवाजात हसू होतं. तिला त्या भोकातून नवरा दिसला, एवढंच तिला कळलं होतं. आपला डोळा त्याला दिसतो आहे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"दिसताय मला," ती पुन्हा म्हणाली. "तुमाला दिसती का मी?"

रणधीरनं मागं पाऊल टाकलं. त्याचा हात भिंतीकडं गेला, बंदुकीला लागला, आणि चटका बसावा तसा त्यानं तो काढून घेतला.

...

गिरिजा कागद धरून तशीच उभी होती. कुणी सांगितल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, असं सासूनं शिकवलं असणार.

मला वाटलं, झालं. पोरगा समजला.

पण इंगवल्यांचं रक्त. बावीस वर्षांचा बापाचा मान, आणि त्याच्याकडं डोळे लावून बसलेलं अर्धं गाव. रणधीरनं कपाळावरचा घाम पुसला, घसा खाकरला आणि मान ताठ केली.

"ठीक आहे, वस्ताद. चूक माझी. कबूल करतो. हा दहावाही माझाच."

वस्तादांनी मान डोलावली.

"पण चार दिवस आहेत अजून. रोज शंभर मारतो. दोनशे मारतो. तुम्ही समोर बसा, तुम्हीच मोजा. मान एकदा जरी वर काढली तरी काठी घाला पाठीत. दहाच्या दहा त्या रुपयात बसले तरच मी रेषेवर उभा राहीन. एक जरी बाहेर गेला तरी नाही. पिराची शपथ. मग तर झालं?"

आता त्याच्या आवाजात जाब नव्हता. पोर मनापासून बोलत होतं. आणि मला, खोटं कशाला सांगू, ते पटलं. याहून जास्त कुणी काय करायचं?

वस्तादांनी छऱ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

"बोला की, वस्ताद. दहाच्या दहा बसवले, तर मग काय हरकत आहे?"

दारात भांड्यांचा आवाज झाला. हमीदाचाची चहा घेऊन उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. ताटली त्यांनी ओट्यावर ठेवली आणि त्या गिरिजाजवळ गेल्या. तिच्या हातातला कागद काढून घेतला. मग तिचा कानाजवळ धरलेला हात मनगटाला धरून हळूच खाली आणला.

"हात दुखंल, बेटा. चा घे."

कामटीतून बत्तासा निसटला आणि पायरीवर पडून फुटला.

चाची तुकडे वेचायला वाकल्या. उजव्या बाजूचा एक तुकडा त्यांना दिसेना. सगळा चेहरा वळवून त्यांनी तो शोधला, तेव्हा ऊन त्यांच्या तोंडावर पडलं.

पस्तीस वर्षं मी त्या बाईंच्या हातचा चहा पीत आलो आहे. तो चेहरा मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट पाहिला. कपाळ स्वच्छ होतं. गाल स्वच्छ होते. देवीचा एकही वण कुठंच नव्हता.

वस्तादांनी दहा भोकांचा तो कागद चार घड्या करून रणधीरच्या खिशात घातला.

"माझे रोज धाच्या धा बसायचे," ते म्हणाले.